धुणार कोण? एका गावच्या भांडी बँकेचं प्रकरण

बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या हद्दीकडे जाणाऱ्या गावांत महालक्ष्मी यात्रा दरवर्षी येत नाही. कुठे पाच वर्षांनी येते, कुठे बारा वर्षांनी, कुठे तर एक पिढी हाताशी येईपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून ती आली की गाव हात राखून काही करत नाही. घरं रंगतात, दारोदार मांडव पडतात, वार (शेतकामं बंद ठेवायचे दिवस) पाळले जातात, माहेरवाशिणी आठवडाभर आधी येऊन दाखल होतात. मग देवीचं अक्षतारोपण, गदगेवर (देवीच्या ओट्यावर) विराजमान होणं, ओटी भरणं आणि शेवटी शिवेकडे प्रस्थान. या सगळ्या दिवसांत जेवणावळी चालू असतात, आणि त्या एका मंडपातल्या महाप्रसादाच्या नसतात. प्रत्येक घरची चूल वेगळी, प्रत्येक घरचे पाहुणे वेगळे. ज्यांच्या गावच्या यात्रेला आपण जेवून आलो त्या सगळ्यांना बोलवावंच लागतं. मटणाच्या दिवशी बेताच्या घरातसुद्धा दोन-तीनशे माणूस जेवून उठतं.

जेवून उठतं ते चंदेरी कागदी ताटावरून. कर्नाटकात प्लास्टिकच्या पिशव्या, ताटं, कप, चमचे यांवर २०१६ च्या मार्चपासून बंदी आहे; देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. तरी यात्रेच्या हंगामात बाजारातून गठ्ठेच्या गठ्ठे येतातच. प्लास्टिकचं ताट मागे पडलं तर त्याची जागा मुलामा दिलेल्या कागदी ताटानं घेतली. कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून तो कुजतही नाही आणि रद्दीवालाही उचलत नाही. यात्रेनंतर हे सगळं गावाबाहेरच्या नाल्यात जातं. उष्टं अन्न चिकटलेलं असतं म्हणून जनावरं ते खातात. शिजलेला भात गुराच्या पोटात एकदम जास्त गेला की आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावतं. यात्रेच्या पंधरवड्यात गाय-म्हैस मेल्याची गोष्ट या पट्ट्यात नवी नाही.

अशा एका गावात लहानशी संस्था आहे. तिनं यात्रेच्या जेवणावळी स्टीलच्या ताटांवर आणायच्या ठरवल्या तेव्हा काय झालं, ते इथे मांडतो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव घेतलेलं नाही. या भागातल्या काही गटांत दिसणारी माणसं आणि त्यांच्या अडचणी एकाच गावात एकत्र आणून हे प्रकरण उभं केलं आहे, जेणेकरून कुणा एकाच्या घरातलं चव्हाट्यावर येऊ नये.

सात सह्या

संस्था सात माणसांची आहे. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० प्रमाणे नोंदणीला किमान सात सभासद लागतात, म्हणून सात. आठवा कुणी मिळाला नाही असं नाही. पण या सातांचंच इतकं जुळलं की पुढे वाढवायची घाई कुणाला झाली नाही.

सुरुवात केली ती सरकारी मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिकेनं. सारं गाव त्यांना बाई म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. निवृत्तीनंतर त्यांनी घरोघरचा ओला कचरा वेगळा करायला शिकवलं, परसात खड्डे घ्यायला लावले, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. पिशव्या फारशा चालल्या नाहीत. खड्डे चालले, कारण रताळ्याच्या आणि भाताच्या शेतात ते खत उपयोगी पडलं. बाईंचा स्वभाव असा की सांगितलेलं स्वतः करून दाखवतात आणि मग इतरांनीही तसंच करावं असं धरून चालतात. या दुसऱ्या सवयीचा पुढे संबंध येणार आहे.

हिशेब ठेवते ती पिग्मी, म्हणजे घरोघरची रोजची बचत, गोळा करणारी मुलगी. बी. कॉम. झालेली, गावातल्याच सोसायटीची, म्हणजे पतसंस्थेची, एजंट. रोज संध्याकाळी दीडशेच्या वर घरांची पायरी चढते. कुणाकडे लग्न ठरलं, कुणाचा मुलगा पुण्याहून परत आला, कोणत्या घरात या महिन्यात पैशाची ओढ आहे, हे तिला बोलल्याशिवाय कळतं. संस्थेला पोस्टर लावावं लागत नाही ते तिच्यामुळे.

तिसरी बैलहोंगलकडची सून. माहेरची भाषा कन्नड, सासरची मराठी, आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ. १९५६ साली हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आता कागद कन्नडमध्ये आणि माणसं मराठीत, अशी या गावांची स्थिती आहे. पंचायतीत टँकर मागायचा असो, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) निवेदन द्यायचं असो, संस्थेचं वार्षिक विवरण असो, कागद कन्नडमध्येच जायला हवा. पूर्वी बाई शहरातून कुणाकडून तरी लिहून आणायच्या. त्यात काय लिहिलं आहे हे सही करणाऱ्या सातांपैकी सहांना वाचता यायचं नाही. सुनेनं हे काम हाती घेतल्यापासून ती आधी मराठीत वाचून दाखवते, मग सह्या होतात. हे काम मला फार मोठं वाटतं. आपण कशावर सही करतो आहोत हे कळल्याशिवाय संस्था आपली होत नाही.

चौथा टेम्पोवाला. भल्या पहाटे भाजी आणि रताळी घेऊन बेळगावच्या मार्केट यार्डात जातो, येताना रिकामा टेम्पो असतो. पहिली ताटं त्यानंच आणली. पाचवा गवंडी, घरोघरचे शोषखड्डे त्याच्या हातचे. सहावा युवक मंडळातला, पदवी झालेला, मोबाइलवर सगळं जमवणारा उत्साही पोरगा.

सातवी मावशी. साठीच्या घरातली विधवा. लग्नाकार्यात भांडी घासायला जाणं हाच तिचा कित्येक वर्षांचा व्यवसाय. बाईंनी तिला सभासद करून घेतलं ते नोंदणीला सातवी सही हवी म्हणून, हे बाई स्वतःच सांगतात.

भांडी बँक

कल्पना साधी आहे. शंभर-शंभर ताटं, वाट्या, वाढपाची भांडी गोण्यांत बांधून ठेवायची. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, तेरावं, ज्याला हवं त्यानं न्यायचं, थोडं भाडं द्यायचं, मोजून परत करायचं. महाराष्ट्र-कर्नाटकात अनेक महिला मंडळांकडे अशी भांडी असतातच. इथे वेगळं होतं ते पिग्मीवालीचं डोकं. तिचं म्हणणं असं की स्टीलचं ताट तयार करायलाही खाण, भट्टी, कोळसा लागतो; ते पुष्कळ वेळा वापरलं तरच कागदी ताटाच्या पुढे जातं. गोणीत पडून राहिलेलं ताट म्हणजे नुसताच खर्च. म्हणून तिनं प्रत्येक गोणीला वही लावली: कधी गेली, कुणाकडे, किती परत आली. वर्षातून दोनदाच बाहेर पडणारी गोणी दिसली की शेजारच्या गावच्या महिला संघाला फोन जायचा. पर्यावरणाच्या नावानं वस्तू विकत घेऊन ठेवणाऱ्या कितीतरी मंडळींना ही वही दाखवावीशी वाटते.

पहिली काही वर्षं भांडी धुवून परत करण्याची जबाबदारी नेणाऱ्या घराची होती. लहान कार्यात ते भागायचं. घरच्या बायका, शेजारणी, आणि मोठं कार्य असेल तर मावशी, जिला तो यजमान पैसे द्यायचा. संस्थेच्या हिशेबात धुण्याचा एक रुपयाही नव्हता. कुणाला ते खटकलंही नव्हतं.

मग गावानं यात्रा धरली.

यात्रेच्या आधीची बैठक

देवस्की पंचांनी, म्हणजे गावची देवकार्यं पाहणाऱ्या पंचांनी, तारखा ठरवल्या त्या उन्हाळ्याच्या, २०२४ च्या. हातात सात-आठ महिने होते. बैठकीत युवक मंडळाचा पोरगा तयारीनंच आला होता. प्लास्टिकमुक्त यात्रा, वेशीवर कमान, दोन भाषांत फलक, आणि निदान एका गल्लीला पुरतील एवढी जादा ताटं. देणगीदारही त्यानं शोधले होते. बाईंना ते मनापासून पटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मावशी शेवटी बोलली. "बाई, ताटं तुमी आनशीला. पन धुनार कोन, ते सांगा."

बाई म्हणाल्या, गल्लीगल्लीतल्या बायका पाळी लावतील, श्रमदान आहे, देवीचं काम आहे. मावशी म्हणाली, "श्रमदान ज्येच्या घरात पोटाला हाय त्येनं करावं. मी भांडी घासूनच जगतो. आनि त्या दिवशी गल्लीतल्या बायका काय रिकाम्या बसनार हाईत?"

बैठकीत बराच वेळ कुणाला उत्तर सुचलं नाही, कारण ते नव्हतंच. यात्रेत घरची बाई पहाटे चारला उठते. मसाला, रस्सा, भाकऱ्या, भात, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, लेकरं, आलेल्यांची ओटी, गेलेल्यांची शिदोरी. कागदी ताट या बाईला आवडतं ते आळसानं नाही. त्या ताटामुळे तिला रात्री अकराला पाठ टेकता येते. ते काढून घेऊन तिच्यापुढे मटणाच्या तेलकट रश्श्याची तीनशे स्टीलची ताटं ठेवणं म्हणजे नाल्यातला कचरा उचलून तिच्या कमरेवर ठेवणं. गाव स्वच्छ दिसलं असतं, कौतुक संस्थेचं झालं असतं, आणि त्या घरच्या बाईची झोप कुणाच्याच वहीत आली नसती. शाश्वत जगण्याची कामं करणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींनी पहिल्यांदा हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा असं मला वाटतं: जे वाचवलं त्याची किंमत कुणाच्या अंगातून निघते? मावशीनं तो विचारला, कारण ते अंग तिचं होतं.

बाईंना ते लागलं. आयुष्यभर मुलांना श्रमदान शिकवलेलं माणूस. आपण कुणावर अन्याय करतो आहोत असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या पुढच्या बैठकीपर्यंत गप्प होत्या. पण पुढच्या बैठकीत पहिला ठराव त्यांनीच मांडला: यात्रेत धुण्याला रोजी द्यायची, आणि ती संस्थेनं द्यायची.

किती द्यायची, यावर खरी झटापट झाली. शेतावरच्या बायकांची रोजी पुरुषांपेक्षा कमी असते. कुणीतरी तोच आकडा पुढे केला. सुनेनं पंचायतीच्या फलकावरचा रोजगार हमीचा दर वाचून दाखवला. तेव्हा, २०२३-२४ साठी, कर्नाटकात तो दिवसाला ३१६ रुपये होता (यात्रा आली त्या २०२४-२५ मध्ये ३४९ झाला), आणि बाई असो की बाप्या, तोच. मावशी म्हणाली, त्याच्या खाली आपण वाकणार नाही. ठराव तसाच झाला: आठ तासांची पाळी, त्याच दरानं, आणि जेवण वेगळं.

पैशाची वाट

ठराव केला की पैसे लागतात. भाडं वाढवलं तर लोक पुन्हा कागदी ताटाकडे वळणार, कारण शंभर कागदी ताटांचा गठ्ठा स्वस्त असतो. देणगी मागितली तर देणाऱ्याला ताटावर नाव हवं असतं. धुणाऱ्या हातावर नाव घालता येत नाही.

इथे पिग्मीवाली उपयोगी पडली. गाव यात्रेसाठी पैसे साठवतच होतं. तिच्याकडेच साठवत होतं. तिनं घरोघर सांगितलं की यात्रेच्या ताटांचं आणि धुण्याचं मिळून जे होईल ते आत्तापासून रोज पाच-दहा रुपये वेगळे टाका. खातं ज्याचं त्याच्याच नावावर, सोसायटीतच. संस्थेकडे एक पैसा येणार नाही. यात्रेआधी काढा आणि मग भरा. एकदम मागितले असते तर जे घर नाही म्हणालं असतं, ते हळूहळू हो म्हणालं. जमा झालं ते सगळ्या गावाला पुरण्याजोगं नव्हतं. दोन गल्ल्या पूर्ण आणि तिसरीतली काही घरं, एवढाच आवाका ठरला.

त्यावर पोरगा नाराज झाला. दोनच गल्ल्या होणार असतील तर प्लास्टिकमुक्त यात्रेची कमान कशी लावायची? इतर सहा म्हणाले, लावायची नाही, कारण ते खरं नाही. त्याचं म्हणणं, फलक लावला तर उरलेल्या गल्ल्यांना लाज वाटेल, पुढच्या वेळी त्याही येतील. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण फलकावर खोटं लिहून सुरुवात केली की हिशेबातही खोटं लिहायची सवय लागते, यावर बाई अडून बसल्या. पोरानं यात्रेपर्यंत मनापासून काम केलं आणि मग राजीनामा दिला. चांगला पोरगा होता. युवक मंडळाची जी पोरं पुढे खरकटं निपटायला उभी राहिली ती त्याच्याच शब्दावर. त्याला धरून ठेवता आलं असतं तर फार बरं झालं असतं असं अजूनही वाटतं.

पाणी, तूप आणि पिंजार

उन्हाळ्याचे दिवस. पावसाळ्यात इकडे नको इतका पाऊस. पण एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसतो. त्यात यात्रेला गावाची वस्ती कित्येक पटीनं वाढलेली. अशा वेळी ताटं धुवायला पाणी मागणं हेच काहींना वाईट वाटत होतं, आणि ते बरोबर होतं.

मावशीची पद्धत इथे कामी आली. तिचं सूत्र असं की पाणी ताट धुवायला कमी आणि खरकटं काढायलाच जास्त जातं. म्हणून खरकटं कोरडंच काढायचं. जेवून उठणारा प्रत्येक जण ताट घेऊन टेबलापर्यंत येणार, तिथे युवक मंडळाची पोरं उभी. हाडं एका डब्यात, भात-भाकरी दुसऱ्यात. मग भाताच्या तुसाच्या राखेनं ताट पुसायचं, म्हणजे मटणाचं तूप (चरबी) राखेत उतरतं. त्यानंतर तीन टप: पहिल्यात कोमट साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पहिला टप घाण झाला की ओतायचा, दुसरा पहिल्याच्या जागी सरकवायचा, तिसरा दुसऱ्याच्या, आणि नवं पाणी फक्त शेवटच्या टपात. नळाखाली ताट धरायचं नाही. ही पद्धत मावशीला कुणी शिकवलेली नव्हती. लग्नघरी पाण्याचे हाल बघत बघत तिनं ती बसवली होती. यात्रेआधी दोन रविवारी तिनं बारा बायकांना ती शिकवली, आणि शिकवण्याचीही रोजी घेतली.

सांडपाण्याची अडचण गवंड्यानं ओळखली. घरगुती शोषखड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल असतो. एवढं तेलकट पाणी त्यात गेलं तर तूप गोठून दोन दिवसांत त्याचं तोंड बंद होणार. त्यानं धुण्याच्या जागेपासून खालच्या शेताकडे चर काढला आणि चराच्या तोंडाशी विटांची एक चौकट करून ती पिंजारानं (भाताच्या पेंढ्यानं) गच्च भरली. पाणी पिंजारातून झिरपून पुढे केळीच्या बागेत, तूप पिंजारात. रोज सकाळी पिंजार बदलायचं, जुनं खताच्या खड्ड्यात. बोअर ज्या शेतकऱ्याची, त्यालाच ते पाणी आणि खत मिळणार, म्हणून तो पाणी द्यायला तयार झाला. टँकरचा अर्ज सुनेनं आधीच दिला होता. तो मंजूर झाला, पण टँकर पिण्यासाठीच वापरायचा असा ठराव संस्थेनं स्वतःहून केला.

भात-भाकरी जनावरांपुढे टाकायची नाही, हे पोरांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. उष्टं गाईला घालणं हे आपल्याकडे पुण्य. सारा भात खड्ड्यात, वर पालापाचोळा आणि मातीचा थर, पुन्हा भात, पुन्हा पाला. हाडं वेगळ्या खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड.

ज्या घरांनी ताटं घेतली नाहीत

ठरलेल्या गल्ल्यांतही काही घरांनी शेवटच्या क्षणी ताटं परत केली. कारण तोंडावर कुणी सांगितलं नाही. "कुणी कुणी जेवलेली असतात," एवढंच एका घरातून पिग्मीवालीच्या कानावर आलं. ताट स्वच्छ नसेल ही भीती नव्हती. त्या ताटात आधी कोण जेवलं असेल, ही होती.

देवस्की पंचांतल्या एकानं सुचवलं की गल्लीनुसार ताटांवर खूण करा, ज्याची त्याला. त्यानं आणखी घरं मिळाली असती, हे उघड होतं. संस्थेनं एकच भेद मान्य केला: पुरणपोळीच्या, नैवेद्याच्या जेवणाची ताटं वेगळी आणि मटणाची वेगळी, मटणाच्या ताटांच्या काठावर टिंब ठोकलं. बाकी सगळी ताटं एकाच ढिगात येणार आणि कुणाच्याही घरी जाणार. यात बाई, मावशी आणि सून तिघी एका बाजूला ठाम होत्या. मावशीचं म्हणणं सोपं होतं: आपल्या टपात सगळ्या गावाचं उष्टं उतरतं, मग वर आल्यावर ताटाला जात कुठून येते?

घरं गेली. माझ्या मते जाऊ दिली ते योग्यच झालं. पाच-दहा घरं वाढवण्यासाठी वेगळी ताटं केली असती तर पुढच्या पन्नास वर्षांच्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक तेराव्याला ती खूण गोणीतून बाहेर पडली असती.

यात्रेत काय झालं

दोन गल्ल्या बहुतेक पार पडल्या. पहिल्या मटणाच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला ताटं तुंबली. धुणाऱ्या कमी, जेवणारे जास्त. तासभर काही घरांनी कागदी ताटं काढली. रात्री पाळ्या बदलल्या, टेम्पोवाल्याच्या बायकोनं शेजारच्या गावातून चौघी आणल्या, त्यांनाही तोच दर. दुसऱ्या दिवशी तुंबलं नाही. खरकट्याच्या टेबलावर उभी राहिलेली पोरं पहिल्या दिवशी लाजत होती. आते-मामे हसत होते. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांतले काही पुरुषच ताट निपटून द्यायला लागले. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं. आपलं ताट कुणीतरी उचलायचं असतं ही समजूत निदान दोन गल्ल्यांत चार दिवस तरी ढिली झाली.

कप मात्र हरले. चहाचे आणि पाण्याचे कागदी कप सगळ्या गल्ल्यांत सारखेच वापरले गेले. पेले द्यायला संस्थेकडे नव्हते आणि चहा तर दिवसभर चालूच असतो. तो एका जागी बसून कुणी पीत नाही. पाण्याच्या बाटल्यांचंही तसंच. यात्रेनंतर नाल्यात ताटांचा ढीग कमी होता, कपांचा तेवढाच. ताटांतली काही परत आलीच नाहीत. वहीप्रमाणे ती भरून घ्यायचं काम पिग्मीवाली पुढे दोन महिने करत होती, कुणाला न दुखावता.

यात्रा संपल्यावर

गाजावाजा नसला तरी बातमी पसरते. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मदतीची विचारणा आली. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारमानाच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. असा निधी घ्यायला संस्थेकडे तेव्हा आयकर कायद्याच्या १२अ आणि ८०जी या कलमांखालच्या, करसवलतीच्या, नोंदण्या लागत. त्या नोंदण्या करून घेण्याचं आश्वासनही मिळालं. देऊ केलेल्या वस्तू: आणखी हजारभर ताटं, ती ठेवायला कपाटं, भांडी धुण्याचं यंत्र, आणि वर फलक. मावशीनं बैठकीत विचारलं, धुणाऱ्यांची रोजी त्यात बसते का? उत्तर आलं की मजुरीसारखा चालू खर्च त्यांच्या नियमात बसत नाही. यंत्राला थ्री-फेज वीज लागणार होती, आणि यात्रेच्या दिवसांत तिचा भरवसा गावात कुणी देणार नव्हतं.

संस्थेनं ताटं नाकारली. त्याऐवजी कळवलं: धुण्याच्या जागेवर पत्र्याचं छप्पर, कमरेच्या उंचीचा कट्टा म्हणजे वाकायला नको, आणि पाण्याची एक टाकी, एवढं द्या. त्यावर अजून काही ठरलेलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे हेकटपणाचं वाटेल. मला त्यात या सहाजणांचं शहाणपण दिसतं. ज्या वस्तूला वापरायला हात नाहीत ती त्यांनी घेतली नाही.

संस्थेचं दुखणं वेगळंच आहे. सुनेला दुसरं बाळ होणार आहे आणि बाळंतपणाला ती माहेरी जाईल. कन्नड कागद थांबतील. कधीतरी अशी वेळ येईल हे यात्रेच्या आधीच बाईंच्या लक्षात आलं होतं, म्हणून गावातल्या दहावीतल्या दोन मुलींना सून शनिवारी अर्ज लिहायला शिकवते. त्या शाळेत कन्नड शिकल्या आहेत, वाचतात छान. पण अर्जाची भाषा वेगळी असते. पिग्मीवालीलाही लग्नाची स्थळं येत आहेत. तिच्या वह्या आता मावशीच्या नातीनं घ्यायच्या ठरलं आहे. मावशीचे गुडघे गेले आहेत. ती यापुढे टपापाशी बसणार नाही, देखरेख करेल, आणि देखरेखीचीही रोजी घेईल. हे तिनंच सांगितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. युवक मंडळाच्या पोराची जागा रिकामी आहे. सातवी सही हवीच आहे. बाई त्याच्या घरी दोनदा जाऊन आल्या.

धुण्याची रोजी दर एप्रिलला रोजगार हमीच्या नव्या दराप्रमाणे आपोआप बदलावी, असा ठराव आता कायमचा झाला आहे. २०२५-२६ साठी ती ३७० रुपये झाली. लहान कार्यांच्या भाड्यातही धुण्याचा वाटा घातला आहे. ज्याला तो नको त्यानं स्वतः धुवून आणायचं, पण त्या घरच्या बाईला विचारूनच पिग्मीवाली तसं लिहिते.

पलीकडच्या गावानं यात्रा धरली आहे. त्यांच्या कमिटीनं ताटं मागितली. उत्तर मराठीत आणि कन्नडमध्ये गेलं, खाली सहा सह्या. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत: धुणाऱ्या बायकांची रोजी आधी ठरवून कळवावी, सगळ्या गल्ल्यांना एकाच ढिगातली ताटं मिळतील, खूण केलेली मिळणार नाहीत, आणि चहा-पाण्याच्या पेल्यांची सोय गावानं आपली आपण करावी, ती आमच्याकडे अजून नाही.